९६ गायी आणि १९२ अलील : एका मोजणीचा अनुभव

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय ठरला आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याचा शेवटचा तक्ता मी सादर केला. दोन गोठ्यांतील गायींमध्ये बीटा-केसीन या दूधप्रथिनाच्या जनुकाचे कोणते जीनोटाइप (जनुकाच्या दोन प्रतींच्या जोड्या) किती प्रमाणात आहेत, आणि त्यावरून अलीलांची (जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांची) वारंवारता किती येते, एवढेच मला शोधायचे होते. कागदावर हे काम एका दुपारचे वाटते. प्रत्यक्षात मला आठ महिने लागले, आणि त्यांतला जवळजवळ एक महिना मी एका चुकीच्या उत्तरावर समाधानी होते. हे काम हाती घेणाऱ्या इतरांना निदान ती जागा आधीच दिसावी, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

गायीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीटा-केसीनचे जनुक असते. त्यातील एका अक्षराच्या फरकामुळे प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलिन किंवा हिस्टिडिन यांपैकी एक अमिनो आम्ल येते. प्रोलिन असले की त्या अलीलाला ए२ म्हणतात आणि हिस्टिडिन असले की ए१. प्रत्येक गायीला एक अलील आईकडून आणि एक वळूकडून मिळत असल्यामुळे तिचा जीनोटाइप ए१ए१, ए१ए२ किंवा ए२ए२ यांपैकी एक असतो. हे जनुक निवडण्याचे कारण साधे होते. तिन्ही जीनोटाइप प्रयोगशाळेत वेगवेगळे ओळखता येतात आणि कोणताही प्रकार दुसऱ्याच्या आड लपत नाही. बीटा-केसीनचे आणखीही प्रकार आहेत. त्यांतील बी या प्रकारात ६७ व्या जागी हिस्टिडिनच असल्यामुळे मी वापरलेल्या पद्धतीत तो ए१ म्हणूनच मोजला जातो. ही मर्यादा प्रबंधात पहिल्या प्रकरणातच लिहून टाकावी, कारण परीक्षक ती हमखास विचारतात.

काम सुरू करण्याआधी प्राण्यांवरील प्रयोगांसाठीच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. रक्ताचा नमुना कोण घेणार, कुठून घेणार, किती मिलिलिटर घेणार, प्राणी किती वेळ बांधून ठेवणार, हे सगळे त्या अर्जात भरावे लागते. मी अर्ज ऑगस्टच्या मध्यावर दिला आणि तो तीन आठवड्यांनी एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला : नमुन्यांच्या संख्येचे समर्थन जोडावे. मी ९६ हा आकडा लिहिला होता, पण तो का, हे कुठेच लिहिले नव्हते. खरे सांगायचे तर तो मी वाचलेल्या इतर प्रबंधांच्या अंदाजाने घेतला होता.

तेव्हा प्रथमच मी नमुनासंख्येचा नीट विचार केला. अलीलाच्या वारंवारतेला पी म्हटले आणि प्राण्यांच्या संख्येला एन म्हटले, तर त्या अंदाजाची प्रमाणत्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो याचे माप) काढण्यासाठी पी आणि एक वजा पी यांचा गुणाकार घ्यायचा, त्याला एनच्या दुपटीने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. दुप्पट यासाठी की प्रत्येक प्राणी दोन अलील देतो. ही त्रुटी पी अर्धा असताना सर्वांत मोठी येते. म्हणजे काहीच माहीत नसताना ०.५ धरून हिशेब केला, की आपण सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरलेली असते. ९६ गायींसाठी ०.२५ भागिले १९२, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.०३६ येते. त्याच्या दुपटीएवढी, म्हणजे अंदाजाच्या दोन्ही बाजूंना साधारण ०.०७ एवढी अनिश्चितता मला चालणार होती. हा परिच्छेद जोडून मी अर्ज पुन्हा दिला. समितीची पुढची बैठक महिन्याभराने होती, त्यामुळे मंजुरीचे पत्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात हातात आले. बैठकांच्या तारखा आधीच विचारून ठेवल्या असत्या आणि समर्थन पहिल्याच अर्जात लिहिले असते, तर हा महिना वाचला असता. दोन्ही गोठ्यांच्या मालकांची लेखी संमती मात्र या काळात मिळवून ठेवली, ते बरे झाले.

नमुने नोव्हेंबरमध्ये घेतले. पहिल्या गोठ्यातून ६० आणि दुसऱ्यातून ३६ गायी घ्यायच्या होत्या. पहिल्या दिवशी गोठा सांभाळणारे काका शांत स्वभावाच्या गायी एकेक करून पुढे आणू लागले. त्यांचा हेतू चांगलाच होता, कोणालाही लाथ बसू नये एवढाच. पण शांत गायींपैकी बऱ्याच एकाच जुन्या गायीच्या वंशातल्या आहेत, असे त्यांच्याच बोलण्यातून कळले. आई, मुली आणि सावत्र बहिणी यांचेच नमुने भरले असते, तर एकाच घराण्यातील अलील पुन्हापुन्हा मोजली गेली असती आणि ६० गायींची माहिती खरे तर वीस-पंचवीस गायींएवढीच ठरली असती. म्हणून त्या दिवशी काम थांबवले. कानातील बिल्ल्यांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहिले, काकांनाच चिठ्ठ्या उचलायला सांगितल्या आणि आई-मुलगी अशी जोडी आली की त्यांतली एक बाजूला ठेवली. "म्हणजे तुमची लॉटरी म्हणा की," असे काका म्हणाले आणि नंतर स्वतःच प्रत्येक चिठ्ठीचा क्रमांक मोठ्याने वाचून दाखवू लागले. रक्त पशुवैद्यकांनी शेपटीच्या शिरेतून घेतले. प्रत्येक नळीवर बिल्ल्याचा क्रमांक, गोठ्याचे अक्षर आणि तारीख अशा तिन्ही गोष्टी न पुसणाऱ्या शाईने लिहिल्या. गोठ्याचे अक्षर लिहिण्यात मला तेव्हा फारसा अर्थ वाटला नव्हता. पुढे सगळे काम त्याच अक्षरावर उभे राहिले.

डिसेंबर डीएनए वेगळा करण्यात गेला. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. नमुने गोठवून ठेवले असतील तर ते पुन्हापुन्हा वितळू देऊ नयेत, एवढेच.

जानेवारीत पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणे, सुरू केले. या पद्धतीत जनुकाचा १२१ बेसजोड्यांचा तुकडा वाढवला जातो. दोन प्रायमरांपैकी (जिथून प्रती बनायला सुरुवात होते त्या छोट्या डीएनए तुकड्यांपैकी) एकात मुद्दाम एक अक्षर बदललेले असते. त्या बदलामुळे तुकड्यात ए२ असेल तरच डीडीई-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला कापण्याची जागा मिळते. त्यामुळे ए२ चे ८६ आणि ३५ असे दोन तुकडे होतात आणि ए१ अखंड १२१ राहतो. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ए१ए१ चा एकच वरचा पट्टा दिसतो, ए२ए२ चा खालचा ८६ चा पट्टा दिसतो आणि ए१ए२ मध्ये दोन्ही दिसतात. ३५ चा तुकडा इतका लहान असतो की तो जेमतेम दिसतो किंवा दिसतच नाही. त्याची वाट पाहू नये. जेल मात्र घट्ट, साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा घ्यावा, नाहीतर १२१ आणि ८६ एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

एका खेपेत २४ नळ्या बसत होत्या. २२ नमुने, एक डीएनए नसलेली रिकामी नळी आणि नियंत्रण म्हणून एक आधीच माहीत असलेला ए२ए२ नमुना, अशी रचना मी ठेवली होती. पाच खेपांत सगळ्या गायी संपल्या. प्रत्येक जेलचा फोटो काढून, कडा कापून, वहीत चिकटवला आणि शेजारी जीनोटाइप लिहिले. कडा कापण्याच्या या सवयीकडे पुढे परत यावे लागणार आहे.

स्वतःची आकडेवारी हाताळण्याआधी मार्गदर्शक मॅडमनी मला एक जुने उदाहरण हाताने सोडवायला दिले. ऑक्सफर्डच्या ई. बी. फोर्ड यांनी स्कार्लेट टायगर या पतंगाच्या एका वसाहतीतील पंखांवरचे ठिपके पाहून केलेली ती मोजणी होती. पांढऱ्या ठिपक्यांचे १४६९ पतंग, मधल्या रूपाचे १३८ आणि अगदी कमी ठिपक्यांचे ५, एकूण १६१२. पहिल्या अलीलाची संख्या १४६९ ची दुप्पट अधिक १३८, म्हणजे ३०७६. एकूण अलील ३२२४. भागाकार ०.९५४. दुसऱ्या अलीलाची वारंवारता ०.०४६. यावरून अपेक्षित संख्या १४६७.४, १४१.२ आणि ३.४ येतात आणि प्रत्यक्ष मोजणीशी त्या चांगल्या जुळतात. हे उदाहरण मला इतके आवडले की मी ते तीनदा केले. ज्यांना सूत्र पाहून भीती वाटते त्यांनी आधी हेच करावे. सगळे आकडे साध्या कॅल्क्युलेटरवर मावतात.

एवढे करूनही स्वतःच्या गायींची बेरीज करताना मी चुकले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वहीतून मोजणी झाली : ए१ए१ २४, ए१ए२ ४१, ए२ए२ ३१, एकूण ९६. जीनोटाइपची वारंवारता काढणे सरळ होते, प्रत्येक संख्येला ९६ ने भागायचे. ०.२५०, ०.४२७ आणि ०.३२३, बेरीज एक. मग अलीलांकडे वळले आणि घाईत ए१ ज्यांच्याकडे आहे अशा सगळ्या गायी मोजल्या. २४ अधिक ४१, म्हणजे ६५ भागिले ९६, बरोबर ०.६७७. तसेच ए२ साठी ७२ भागिले ९६, बरोबर ०.७५०. दोन्हींची बेरीज १.४२७ झाली. दोनच अलील असताना त्यांच्या वारंवारतांची बेरीज एकापेक्षा जास्त होऊच शकत नाही, म्हणून चूक तिथल्या तिथे सापडली. मी गायी मोजत होते, अलील मोजायची होती. ए१ए१ गाय ए१ ची दोन अलील देते, ए१ए२ गाय एक देते. म्हणून २४ ची दुप्पट ४८, अधिक ४१, म्हणजे ८९ भागिले १९२, बरोबर ०.४६४. ए२ साठी १०३ भागिले १९२, बरोबर ०.५३६. समयुग्मजी (दोन्ही अलील सारखी असलेल्या) गटाची वारंवारता पूर्ण घ्यायची आणि विषमयुग्मजी (दोन वेगळी अलील असलेल्या) गटाची अर्धी मिळवायची, असेही हेच सांगता येते. उत्तर तेच येते. बेरीज एक येते की नाही हे प्रत्येक टप्प्यावर तपासण्याची सवय मला या चुकीने लागली.

पुढचा टप्पा हार्डी-वाइनबर्ग समतोलाचा. केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी आणि जर्मनीतील वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग या दोघांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले, की समागम यादृच्छिक असेल, समूह मोठा असेल आणि निवड, स्थलांतर व उत्परिवर्तन यांचा परिणाम नसेल, तर जीनोटाइपचे प्रमाण पीचा वर्ग, पी आणि क्यू (दुसऱ्या अलीलाची वारंवारता) यांच्या गुणाकाराची दुप्पट आणि क्यूचा वर्ग असे येते आणि पिढ्यानपिढ्या तसेच राहते. माझ्या आकड्यांवरून अपेक्षित संख्या २०.६, ४७.७ आणि २७.६ आल्या. काय-स्क्वेअर चाचणीत मोजलेल्या आणि अपेक्षित संख्यांतील फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि तिन्ही भागाकार मिळवायचे. उत्तर १.९२ आले.

दोन गोष्टी मला मॅडमनी इथे दुरुस्त करायला लावल्या. पहिली, मी चाचणी टक्केवारीवर केली होती, ती प्रत्यक्ष संख्यांवरच करावी लागते. दुसरी, तक्त्यात मी दोन मुक्ततांक (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या गटांची संख्या) पाहिले होते. गट तीन असले तरी एकूण संख्या ठरलेली असते आणि पीसुद्धा याच आकड्यांतून काढलेला असतो, म्हणून मुक्ततांक एकच उरतो आणि पाच टक्के पातळीवरची मर्यादा ३.८४ असते; उत्तर त्याहून मोठे आले तरच समतोल नाही असे म्हणतात. १.९२ ती ओलांडत नव्हते. गायींचा समूह समतोलात आहे असे मी लिहिले, प्रकरण टंकून ठेवले आणि मला फार हलके वाटले. तो आठवडा मी चांगली झोपले.

चूक कळायला जवळजवळ एक महिना लागला. मॅडमनी मार्चच्या सुरुवातीला जेलचे मूळ, न कापलेले फोटो मागितले. संगणकावर तिसऱ्या खेपेचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. माझ्या वहीतल्या चित्रात नसलेली सर्वांत उजवीकडची रांग तिथे दिसत होती. ती माहीत असलेल्या ए२ए२ नमुन्याची होती. तिथे खालचा ८६ चा पट्टा ठळक होता आणि वर, १२१ च्या जागी, एक पुसट पण स्पष्ट रेघ होती. ए२ए२ मध्ये ती असायलाच नको. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त बोट त्या रेघेवर ठेवले. मग त्याच जेलमध्ये मी ए१ए२ म्हणून लिहिलेल्या रांगा आम्ही एकेक करून पाहिल्या. त्यांतल्या सातांत तसेच चित्र होते : खालचा पट्टा जाड, वरचा पुसट.

एन्झाइमने त्या खेपेत काम अर्धवट केले होते. सगळा ए२ कापला गेला नव्हता आणि उरलेला अखंड तुकडा ए१ सारखा दिसत होता. खऱ्या विषमयुग्मजी गायीत दोन्ही अलीलांची मात्रा सारखी असते. लांब तुकडा रंग जास्त धरतो, म्हणून १२१ चा पट्टा ८६ पेक्षा थोडा जास्तच उजळ दिसायला हवा. शिवाय पीसीआरच्या शेवटी ए१ आणि ए२ चे धागे एकमेकांशी जुळून जे मिश्र तुकडे तयार होतात तेही कापले जात नाहीत, त्यामुळे वरचा पट्टा आणखी ठळक होतो. वरचा पट्टा खालच्यापेक्षा फिका असेल तर ती गाय ए१ए२ आहे असे लिहिण्याआधी थांबावे. मी नियंत्रण नमुना प्रत्येक खेपेत ठेवला होता, आणि फोटोच्या कडा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून तोच कापून टाकला होता. याचे मला अजूनही वाईट वाटते. फोटो कधीही कापू नये.

एन्झाइम संपत आले होते. नवी बाटली मागवण्यासाठी तीन दरपत्रके, मागणीपत्र आणि आधीचे एन्झाइम कशात वापरले याचा हिशेब जोडावा लागला. पहिल्या मागणीपत्रावर एक सही राहिली म्हणून ते परत आले आणि त्यात सोळा दिवस गेले. एन्झाइम हाच या सगळ्या कामातला मोठा खर्च असतो. म्हणून पुनर्तपासणीसाठी निदान एक चतुर्थांश जास्तीची मात्रा पहिल्याच अंदाजपत्रकात धरावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नवे एन्झाइम आल्यावर तिसऱ्या खेपेचे सगळे नमुने, केवळ संशयित सात नव्हे, पुन्हा घेतले. पीसीआरचा माल कमी वापरला, एन्झाइम वाढवले आणि नळ्या ३७ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवल्या. सकाळी जेलवर नियंत्रण नमुन्यात एकच पट्टा होता. सातही गायींतला वरचा पट्टा नाहीसा झाला होता. त्या ए२ए२ होत्या.

नवी मोजणी : ए१ए१ २४, ए१ए२ ३४, ए२ए२ ३८. ए१ ची वारंवारता ८२ भागिले १९२, म्हणजे ०.४२७. अपेक्षित संख्या १७.५, ४७.० आणि ३१.५. काय-स्क्वेअर ७.३३.

हा आकडा पाहून मी खरोखर घाबरले. मोजणी दुरुस्त केली होती आणि तीच आता समतोलातून बाहेर पडली होती. ७.३३ ही संख्या एक टक्का पातळीच्या ६.६३ या मर्यादेच्याही पुढे होती. सत्तेचाळीस विषमयुग्मजी गायी अपेक्षित होत्या, सापडल्या चौतीस. चुकीचे आकडे चाचणीत उत्तीर्ण झाले होते आणि बरोबर आकडे नापास होत होते. प्रयोगशाळेत आणखी कुठेतरी चूक आहे असे समजून मी चार दिवस सगळ्या जेल पुन्हा वाचल्या. एखादे अलील पीसीआरमध्ये वाढतच नसेल, तर विषमयुग्मजी गाय समयुग्मजी दिसते आणि असाच तुटवडा पडतो, म्हणून दहा नमुने मुद्दाम नव्याने काढलेल्या डीएनएवर करून पाहिले. काहीच बदलले नाही.

मॅडमनी विचारले, "दोन्ही गोठ्यांत वळू एकच वापरतात का?" मी नाही म्हणाले. दुसऱ्या गोठ्यातल्या गायी वेगळ्या जातीच्या होत्या आणि तिथे कित्येक वर्षे मोजक्याच वळूंचे रेतन वापरले जात होते, हे मी नोंदवहीत स्वतःच लिहिले होते. मग या ९६ गायींचा एक समूह कसा झाला, असे त्यांनी विचारले, आणि मी नळ्यांवरचे गोठ्याचे अक्षर पाहून मोजणी दोन ढिगांत वाटली.

पहिल्या गोठ्यातील ६० गायींत ए१ए१ ५, ए१ए२ २० आणि ए२ए२ ३५ होत्या. ए१ ची वारंवारता ३० भागिले १२०, नेमकी ०.२५. अपेक्षित संख्या ३.७५, २२.५ आणि ३३.७५, काय-स्क्वेअर ०.७४. दुसऱ्या गोठ्यातील ३६ गायींत ए१ए१ १९, ए१ए२ १४ आणि ए२ए२ ३. ए१ ची वारंवारता ५२ भागिले ७२, म्हणजे ०.७२२. अपेक्षित १८.८, १४.४ आणि २.८, काय-स्क्वेअर ०.०३. दोन्ही गोठे आपापल्या जागी समतोलाशी जुळत होते. बिघाड माझ्या बेरजेत होता. अलीलांची वारंवारता वेगळी असलेले दोन समूह एकत्र मोजले की विषमयुग्मजी प्राणी अपेक्षेपेक्षा कमी दिसतात, कारण एका समूहातील गायी दुसऱ्या समूहातील वळूंशी मुळात जुळतच नसतात. स्वीडनच्या स्टेन वालुंड यांनी १९२८ मध्ये हे मांडले आणि तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता. स्वतःच्या आकड्यांत तो समोर उभा असताना मात्र मला ओळखता आला नाही.

आणि फेब्रुवारीतले १.९२ कुठून आले, हेही आता उलगडले. अर्धवट कापलेल्या सात नमुन्यांनी विषमयुग्मजी गायींची खोटी भर घातली होती आणि दोन गोठे मिसळल्याने पडलेला खरा तुटवडा तिने झाकला होता. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले होते. त्या दिवशी मी टंकून ठेवलेले प्रकरण काढून टाकले आणि त्याची एक प्रत वहीत ठेवली.

उरलेले काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाले. दोन्ही गोठ्यांत एकेका गटाची अपेक्षित संख्या पाचापेक्षा कमी होती आणि तेव्हा काय-स्क्वेअरवर पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून शक्यता थेट मोजणारी नेमकी चाचणीही केली. निष्कर्ष बदलला नाही. वारंवारतांसोबत प्रमाणत्रुटी लिहिली : पहिल्या गोठ्यासाठी ०.२५ आणि त्रुटी ०.०४, दुसऱ्यासाठी ०.७२ आणि त्रुटी ०.०५. समितीसाठी केलेला तोच हिशेब इथे पुन्हा कामी आला. ९५ टक्के विश्वासाने पहिल्या गोठ्यातील ए१ साधारण ०.१७ ते ०.३३ या पट्ट्यात आणि दुसऱ्यातील ०.६२ ते ०.८३ या पट्ट्यात येतो. हे पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत. त्रुटी न लिहिता नुसती वारंवारता दोन-तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेली मी अनेक ठिकाणी पाहते आणि ते मला पटत नाही.

माझी एक मैत्रीण याच सुमारास शिंगांच्या वारशावर काम करत होती. गायींत शिंगे नसणे हा प्रभावी गुण आहे, म्हणून शिंगे नसलेली गाय समयुग्मजी की विषमयुग्मजी हे बघून कळत नाही. अशा वेळी शिंगे असलेल्या गायींचे प्रमाण हा क्यूचा वर्ग मानून वर्गमूळ काढतात. शंभरातल्या ३६ गायींना शिंगे असतील तर क्यू ०.६ येतो. पण हे वर्गमूळ काढतानाच समतोल गृहीत धरलेला असतो, म्हणून त्याच आकड्यांवरून समतोल आहे की नाही हे तपासता येत नाही. तिने तशी चाचणी केली होती आणि उत्तर अगदी शून्य आल्यामुळे ती खूश होती. तिला हे समजावताना मला माझा फेब्रुवारीचा आठवडा आठवला आणि मी शक्य तितके सावकाश बोलले. ज्यांच्या जनुकाचे तिन्ही जीनोटाइप दिसतात त्यांनी वर्गमुळाच्या वाटेला जाऊच नये, सरळ मोजावे.

तक्ता सादर झाल्यावर मी पहिल्या गोठ्यात यादी द्यायला गेले. बिल्ल्याच्या क्रमांकापुढे जीनोटाइप, एवढीच ती यादी होती. काकांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, चिठ्ठी काढताना बाजूला ठेवलेल्या एका गायीचा क्रमांक त्यात का नाही असे विचारले, आणि मग म्हणाले, "ताई, आता सगळे वळू ए२ए२ चेच वापरले तर वासरांचं काय होईल?"

हा हिशेब मी तिथेच यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला. प्रत्येक वासराला वळूकडून ए२ च मिळणार, म्हणजे ए१ए१ वासरू होणारच नाही. आईकडून ए१ येण्याची शक्यता ०.२५, म्हणून चार वासरांमागे सरासरी एक ए१ए२ आणि तीन ए२ए२. वासरांमधली ए१ ची वारंवारता निम्मी होऊन ०.१२५. गंमत अशी की या वासरांवर समतोलाची चाचणी लावली तर अपेक्षित विषमयुग्मजी प्रमाण ०.२१९ येते आणि प्रत्यक्षात ते ०.२५ असणार, म्हणजे या वेळी थोडी वाढ दिसणार, कारण वळू आणि गायी यांच्यातील वारंवारता वेगवेगळी आहे. तुटवडा आणि वाढ अशा दोन्ही दिशांना आकडा सरकतो तेव्हा तो कळपाबद्दल काहीतरी सांगत असतो, हे काकांना समजावताना मलाच जास्त स्पष्ट झाले. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

त्या वासरांचे नमुने घेण्यासाठीचा नवा अर्ज मी मे महिन्यात समितीकडे दिला आहे. नमुन्यांच्या संख्येचे समर्थन या वेळी पहिल्याच पानावर आहे, आणि समितीची बैठक तिसऱ्या आठवड्यात आहे.